कुठला हात आधी

माझी भाची लसिता हिला गेल्या सतरा वर्षांत अकराशे शहाऐंशी वेळा फिट आली. आकडा माझा आहे, तेव्हा तो बरोबर आहे. त्यातल्या हजारभर तरी तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण भार्गवी, जिला मी चेची म्हणतो, तिच्या डोळ्यांदेखत आल्या असाव्यात, असं आम्ही धरून चाललो होतो. पण तिरुवनंतपुरमच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी एक साधा प्रश्न विचारला, फिट येते तेव्हा आधी कुठला हात आखडतो, आणि भार्गवीचेचीनं आपल्याच दोन्ही हातांकडे बघितलं. मग म्हणाली, "किल्ली असते तो."

रेबेका डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं.

आमच्याकडे फिट आली की माणसाच्या हातात लोखंड देतात. कोणी कोयता देतं, कोणी नांगराचा फाळ. चेची घराच्या किल्ल्यांचा जुडगा देते. तो तिच्या कमरेला चोवीस तास खोचलेला असतो, कारण फिट काही सांगून येत नाही. जो हात जवळ सापडेल त्यात जुडगा द्यायचा, वरून आपल्या दोन्ही हातांनी मूठ आवळायची, आणि मग खांद्यावरचा पांढरा शेला काढून पोरीला डोक्यापासून पायांपर्यंत झाकून टाकायचं. हे सगळं चेची चार सेकंदांत उरकते. मी मोजलेलं आहे.

"म्हणजे दोन्ही हात कधी मोकळे बघितलेच नाहीत?" डॉक्टरांनी विचारलं.

चेची म्हणाली, की मोकळे ठेवून कसं चालेल.

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. मी लिहून ठेवतो असं त्यांना कोणी तरी सांगितलं होतं. ह्याच क्षणाची मी वाट पाहत होतो. पिशवीतून तिन्ही वह्या काढून मी त्यांच्यासमोर ठेवल्या. एकतीस वर्षं मी चेर्तलाच्या स्टँडवर खासगी बसगाड्यांचा टाइमकीपर होतो. कुठली गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली, किती मिनिटं खाल्ली, हे लिहायचं आणि त्यावरून ड्रायव्हर लोकांच्या शिव्या खायच्या, एवढाच माझा धंदा. वह्याही त्याच पद्धतीच्या. तारीख, आगमन, प्रस्थान, एकूण वेळ, शेरा. डॉक्टरांनी पानं उलटली. शेऱ्यात 'पेज खाताना', 'नावेत', 'कारण नसताना', 'शिकवणी चालू असताना, मुलं घाबरली' असं बरंच काही होतं.

"वेळ अगदी सेकंदापर्यंत आहे," डॉक्टर म्हणाल्या.

मी मान लववली.

"हात नाही."

हात नव्हता. सतरा वर्षांत एका ओळीतही नव्हता. गाडी किती उशिरा आली हे मला नेहमी माहीत असायचं, आत कोण बसलंय हे बघायचं माझं काम नव्हतं. हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. काही गोष्टी सांगितल्यानं माणसाची किंमत वाढत नाही.

हाताची एवढी चौकशी का, ते त्यांनी नीट समजावलं. लसिता दोन वर्षांची असताना तापात आकडी आली होती, तेव्हाचा एक वण मेंदूच्या डाव्या बाजूला राहिलाय. तो मशीनमधल्या फोटोत दिसतो. पण मेंदूच्या लहरींचा कागद काढला तर गडबड दोन्हीकडे दिसते. वण गुन्हेगार आहे की नुसता साक्षीदार, हे कळल्याशिवाय कोणी सुरी लावणार नाही. आणि ते कळायला खरीखुरी फिट पाहायला हवी, पहिल्या सेकंदापासून. डावीकडून सुरू होत असेल तर उजवा हात आधी आखडेल. उजवीकडून होत असेल तर उलट.

औषधांचा मार्ग संपला होता. लसितानं आतापर्यंत पाच औषधं घेतली. प्रत्येक औषध पहिले तीन महिने नव्या जावयासारखं वागलं आणि मग मूळ वळणावर गेलं. एकानं हिरड्या सुजवल्या, एकानं केस घालवले, एकानं पोरगी इतकी तापट केली की शिकवणीची निम्मी मुलं पळाली. रेबेका डॉक्टर म्हणाल्या, दोन औषधं नीट घेऊनही जी फिट थांबत नाही, ती तिसऱ्या-चौथ्यानं थांबण्याची आशा फार थोडी असते. हे वाक्य आम्हाला पंधरा वर्षांपूर्वी कोणी ऐकवलं असतं तर माझी एकच वही भरली असती.

तेव्हा ठरलं असं. सोमवारी भरती व्हायचं. औषधं हळूहळू कमी करायची, डोक्याला तारा चिकटवायच्या, छतावरच्या कॅमेऱ्याखाली पडून राहायचं आणि फिट येऊ द्यायची. शनिवारी दुपारी बारापर्यंत एक तरी फिट सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वच्छ मिळाली पाहिजे, चेहरा आणि दोन्ही हात उघडे. मिळाली तर डॉक्टरांची बैठक ऑपरेशनचा विचार करेल. नाही मिळाली तर पलंग पुढच्या माणसाला, आणि आपली पाळी पुन्हा चौदा महिन्यांनी.

चौदा महिने म्हणजे काय, ते लसिताला विचारा. ती अठ्ठावीस वर्षांची आहे. गणितात तिचा हात धरणारा आमच्या बाजूला कोणी नाही. खाडीच्या पलीकडच्या काठावरच्या शाळेत तिला घ्यायला तयार आहेत, पण पलीकडे जायला नाव लागते, आणि आमचा पैली नावाडी तिला एकटीला नावेत घेत नाही. सहा वर्षांपूर्वी ती नावेतून पाण्यात गेली होती. पैलीनं उडी मारून काढली, आणि वर आल्यावर पहिलं वाक्य बोलला ते असं, की मास्तरीणबाई, माझं वय झालं. तेव्हापासून कोणी तरी दंडाला धरून बसल्याशिवाय ती खाडी ओलांडत नाही. तिला लग्न नको, बंगला नको. पैलीच्या नावेत एकटीनं बसायचंय.

वॉर्डात चार पलंग, मध्ये पडदे. प्रत्येक पलंगाजवळ एकच माणूस. दिवसा आम्ही आळीपाळीनं बसायचं ठरवलं, मुक्कामाला चेची. नर्सनं पलंगाला लावलेलं लाल बटण दाखवलं आणि नियम सांगितले. फिट सुरू झाली की बटण दाबा, चादर काढा, बाजूला व्हा. तोंडात काही घालू नका, हातात काही देऊ नका. बाकी आम्ही बघतो. चेचीनं सगळ्याला हो म्हटलं. किल्ल्यांचा जुडगा काढून दे म्हटल्यावर मात्र ती नर्सकडे अशी बघत राहिली, की नर्सनंच विषय बदलला.

शेजारच्या पलंगावर नागरकोविलचे एक हेडमास्तर होते. त्यांना मंगळवारी जेवणाआधीच दोन फिट आल्या, त्याही बिनचूक. त्यांची बायको सगळ्या वॉर्डाला सांगत फिरली. पहिल्या बाकावरचा मुलगा पेपर लवकर देऊन बाहेर उभा राहतो, तसे हेडमास्तर आमच्याकडे बघायचे. समोरच्या पलंगावरच्या कासरगोडच्या पोराला मंगळवारी संध्याकाळी आली. वॉर्डात अभिनंदन झालं. हे एवढंच एक ठिकाण मी बघितलं, जिथं फिट आली की लोक पेढे आणायला जातात.

लसिताला काही येईना. घरी जिला आठवड्यातून दोन-दोन येतात, ती सोमवार, मंगळवार आणि अर्धा बुधवार लहरींच्या तारा डोक्याला बांधून, देवळातल्या कळसासारखी शांत पडून. औषध निम्म्यावर आलं होतं. ती वैतागली होती, आणि वैतागली की ती माणसाला बरोब्बर जिथं लागतं तिथं बोलते.

"अम्मा, निघताना देवीला काय सांगून आलीस?"

"नेहमीचंच," चेची म्हणाली.

"नेहमीचं म्हणजे?"

"की येऊ देऊ नकोस."

"मग फोन करून सांग, शनिवारपर्यंत येऊ दे म्हणून."

चेची म्हणाली, की असले उलटसुलट निरोप देवीला देत नाहीत. पण थोड्या वेळानं ती बाहेरच्या जिन्यात जाऊन आमच्या देवळाच्या पुजाऱ्याशी हळू आवाजात बोलताना मला दिसली. काय बोलली ते मी विचारलं नाही. दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी फिट आली.

तेव्हा जवळ चेची होती. मी जिन्यात चहा पीत होतो. धावत आलो तोवर सगळं होऊन गेलं होतं. रेबेका डॉक्टर आणि लहरींचं मशीन सांभाळणारा जिनेश कॅमेऱ्याचं चित्र मशीनच्या पडद्यावर बघत होते. पडद्यावर एक पांढरा शेला होता. काठ हिरवा. शेल्याखाली काही तरी हलत होतं, जसं पोत्यात मांजर. कोपऱ्यात चेचीचे दोन हात, आणि त्या हातांत मूठ आवळलेली.

डॉक्टरांनी चेचीला काही म्हटलं नाही. तिला बोलावून पडद्यावर फक्त तेच पुन्हा दाखवलं. चेची बघत राहिली आणि म्हणाली, की मी बटण दाबलं होतं. ते खरं होतं. बटण वेळेवर, फिट दिसायच्याही आधी दाबलेलं होतं. बाकीचं हातांनी आपण होऊन केलं.

"लहरी मिळाल्या," डॉक्टर म्हणाल्या, "पण लहरी अजूनही दोन्हीकडच्या वाटताहेत. मला हात हवेत."

लसिता संध्याकाळी भानावर आल्यावर तिला हे कळलं. ती रडली नाही. तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि गुरुवारी सकाळी सांगितलं, की आज दिवसा अम्मा नको, मामन बसेल.

चेचीला ते लागलं. तिनं पेजेचा डबा माझ्या हातात दिला, खांद्यावरचा शेला नीट केला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. घरात आलेल्या पाहुण्याला जागा करून द्यावी, तशी.

मी बसलो. आता खरं सांगायचं तर माझ्या मनात चेचीबद्दल थोडी दया आणि स्वतःबद्दल बराच विश्वास होता. शेला नाही, किल्ली नाही, एकतीस वर्षांची नोंदीची सवय. अकरा वाजून वीस मिनिटांनी लसिताची नजर एका जागी थांबली आणि ओठ काही चघळल्यासारखे हलायला लागले. मी उठलो. मनगटावरचं घड्याळ पाहिलं. आगमन मनात नोंदवलं. मग बटण दाबलं. मग चादर ओढली, आणि मग सेकंदकाटा नीट दिसावा म्हणून उजेडाकडे सरकलो.

उजेड पलंगाच्या पायथ्याशी होता. कॅमेरा त्याच बाजूला छतावर होता.

दुपारी रेबेका डॉक्टरांनी मला पडदा दाखवला. एक मिनिट पस्तीस सेकंदांपैकी एक मिनिट दहा सेकंद पडद्यावर माझं टक्कल होतं. त्याच्या कडेनं लसिताची एक कोपर दिसत होती. कुठली, ते सांगता येत नव्हतं. शेवटी मी बाजूला झालो तेव्हा फिट संपत आली होती आणि ती चादरीचा कोपरा चाचपत होती.

"तुमचं टक्कल फार स्वच्छ आलंय," डॉक्टर म्हणाल्या. "बटण मात्र आठ सेकंद उशिरा आहे. सुरुवात गेली."

आठ सेकंद उशीर. माझ्या गाडीला. मी एकतीस वर्षं लोकांना ज्या सुरात सांगितलं, त्याच सुरात मला सांगितलं गेलं. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की आजवर प्रत्येक ड्रायव्हर असाच तोंड उघडायचा.

शुक्रवार कोरडा गेला. औषध जवळजवळ बंद केलं होतं. नर्सनं तिला पहाटेच उठवलं आणि दुपारी झोपू दिलं नाही. झोप मोडली की फिट यायची शक्यता वाढते म्हणे. हेडमास्तर बांधाबांध करत होते. जाताना त्यांनी लसिताच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, की घाबरू नकोस, येईल. परीक्षेच्या निकालाबद्दल बोलावं तसं.

संध्याकाळी आम्ही तिघं तिथंच होतो. नर्सनं डोळेझाक केली. शनिवारी सकाळी कोण बसणार, हा प्रश्न होता. सहा ते बारा, शेवटचे सहा तास. मी म्हटलं, मी बसतो, या खेपेला घड्याळ खिशात ठेवतो.

"अम्मा बसेल," लसिता म्हणाली.

चेचीनं मान वर केली.

"मामन बटण दाबतो तोवर सुरू होऊन गेलेली असते," लसिता म्हणाली. "अम्माला आधी कळते. कशी ते माहीत नाही."

चेचीला कशी कळते, ते तिनं तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. फिट यायच्या आधी लसिता एक घोट गिळते. पाणी नसताना. त्याचा आवाज होतो. दाराबाहेर असली तरी चेचीला तो ऐकू येतो. झोपेतही. मी सतरा वर्षं वह्या लिहिल्या, पण ह्या घोटाची नोंद माझ्याकडे नाही.

"पण झाकायचं नाही," लसिता म्हणाली.

"नाही झाकणार."

"परवाही असंच म्हणालीस."

चेचीनं शेल्याचा काठ मुठीत धरला.

"अम्मा, तू काय झाकतेस गं? इथं कोण आहे? डॉक्टर आहेत, नर्स आहेत. लोक आहेत का इथं?"

"डॉक्टर म्हणजे लोक नव्हेत?"

मला ती गोष्ट माहीत होती. लसिता नऊ वर्षांची असताना शाळेच्या वार्षिक समारंभात मंचावरच तिला मोठी फिट आली होती. परकर गुडघ्यांच्या वर गेला होता, खालून ओलं झालं होतं, आणि समोर चारशे माणसं होती. कोणी तरी हसलंही. चेची खुर्च्या ओलांडत मंचावर गेली आणि शेला टाकला. शेला त्या दिवशीपासून. त्याआधी ती नुसती किल्ली द्यायची. लसिताला त्यातलं काहीच आठवत नाही. तिनं स्वतःची फिट कधी बघितलेली नाही, बघणार कशी. तिच्या माहितीत फिट म्हणजे शेल्याखाली जे काही घडतं ते, आणि जे एवढं झाकावं लागतं ते फारच भयंकर असणार, असा तिचा हिशेब.

तिनं हात पुढे केला. "किल्ल्या दे."

चेचीनं कमरेचा जुडगा काढला आणि दिला. लसितानं तो माझ्याकडे टाकला. शेल्यालाही हात घातला, पण चेची म्हणाली, "हा राहू दे. अंगावरच ठेवते. मी हात नाही लावणार." लसितानं तिच्याकडे नीट बघितलं आणि शेला सोडला.

शनिवारी सकाळी मला वॉर्डात जागा नव्हती. पण जिनेश आमच्या बाजूचा निघाला. त्याचे वडील एकेकाळी कंडक्टर होते आणि त्यांची गाडी मी पुष्कळ वेळा उशिरा आल्याचं दाखवलं होतं. तरी त्यानं मला आपल्या खोलीत बसू दिलं. माणसं बदला घेत नाहीत याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. चार पडदे होते. दोन रिकामे. एकावर लसिता, उशाशी बसलेली, हातात एक गणिताचं पुस्तक. शेजारी स्टुलावर चेची, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

सात वाजले. साडेसात झाले. नर्स न्याहारीच्या पुट्टूची बशी ठेवून गेली. लसितानं थोडं खाल्लं. चेचीनं काही खाल्लं नाही, कारण खायला हात मोकळे करावे लागले असते.

मग चेची एकदम उठली. पडद्यावर लसिता अजून पुस्तकच वाचत होती. चेचीनं बटण दाबलं. जिनेशच्या खोलीत घंटा वाजली, आणि तरीही लसिता पान उलटत होती. चेचीनं पुस्तक काढून घेतलं, चादर ओढून पायाशी टाकली आणि बाजूला झाली, भिंतीपर्यंत. तेव्हा कुठं लसिताची नजर थांबली.

मी तेव्हा पहिल्यांदा फिट बघितली. घड्याळ खिशात होतं.

उजवा हात आधी गेला. मनगट आत वळलं, बोटं लाकडासारखी झाली, आणि तो हात कोणी तरी दोरीनं ओढल्यासारखा बाजूला वर उचलला गेला. डावा हात झग्याच्या बटणांशी चाळा करत होता, शिवण तपासत असल्यासारखा. ओठ चघळत होते. झगा गुडघ्यापर्यंत सरकला. दोन नर्स आत आल्या. एक तिला विचारत होती, नाव काय, हे काय, पेन दाखवत होती. लसिता तिच्या पलीकडे कुठं तरी बघत होती. तोंड एका बाजूला ओढलं होतं. बस, एवढं.

जिनेश म्हणाला, "उजवा. स्वच्छ उजवा." मग म्हणाला, "तुमच्या बहिणीला काय झालं?"

चेची भिंतीशी उभी होती. झगा सरकला तेव्हा तिचे दोन्ही हात वर आले. शेल्याचा काठ हातात होता. ती पलंगाकडे एक पाऊल आली. मी खुर्चीतून अर्धा उठलो. मग ती थांबली, आणि तो शेला तिनं स्वतःच्या डोक्यावरून खाली ओढून घेतला. तोंडावर, छातीपर्यंत. आणि तशीच उभी राहिली, फिट संपेपर्यंत, झाकलेल्या मूर्तीसारखी.

तेव्हा मला त्या किल्लीच्या उत्तराचा अर्थ लागला. हजार वेळा ती जवळ होती. बघितली एकही नव्हती. आणि मी तिची कीव केली होती, घड्याळाकडे बघत.

सोमवारी डॉक्टरांची बैठक झाली. वण आणि हात एकाच बाजूबद्दल बोलत होते, आणि हात दिसल्यावर लहरींचा कागदही डॉक्टरांना नीट वाचता आला. ऑपरेशन करता येईल, विषूचा सण झाल्यावर. रेबेका डॉक्टरांनी काही लपवलं नाही. अशा शंभर माणसांतल्या साठ-सत्तर जणांच्या फिट थांबतात, बाकीच्यांच्या कमी होतात किंवा होत नाहीत. बाजू डावी आहे, त्यामुळे नंतर शब्द आणि नावं आठवायला थोडा त्रास होऊ शकतो. लसिता म्हणाली, की आमच्या काठावरची निम्मी नावं विसरायचीच आहेत, पाढे राहतील का ते सांगा. पाढ्यांचं डॉक्टरांनी हसून राहतील म्हटलं, पण लिहून दिलं नाही.

मग लसितानं विचारलं, की मला बघता येईल का.

जिनेशनं लावलं. मी आणि चेची मागं उभे होतो. लसिता खुर्चीत, हात मांडीवर. तिनं सुरुवातीपासून शेवटपर्यंत पापणी न लववता बघितलं.

"एवढंच?" ती म्हणाली.

जिनेशनं मान हलवली.

"एवढ्यासाठी एवढा मोठा शेला?" मग तिनं जिनेशला पुन्हा लावायला सांगितलं. जिनेशला वाटलं, हात बघायचा असेल. पण ती या खेपेला पलंगाकडे बघतच नव्हती, भिंतीकडे बघत होती. झाकलेल्या मूर्तीपाशी तिनं थांबवायला सांगितलं.

"अम्मा, हे काय करत होतीस?"

"बाजूला उभी होते," चेची म्हणाली. "सांगितलं होतं ना तसं."

लसितानं मागं वळून तिचा शेला हातात घेतला, काठ थोडा वेळ बोटांत फिरवला आणि परत तिच्या खांद्यावर टाकला.

परतीच्या बसमध्ये मी वही काढली. शनिवारचं लिहायचं राहिलं होतं. 'शेरा'च्या आधी एक उभी रेघ मारून मी नवा रकाना केला आणि वर लिहिलं, हात. लसिता खिडकीशी होती. तिनं वही माझ्या मांडीवरून उचलली, पेनही घेतलं आणि स्वतः लिहायला लागली. आगमन, सात एकावन्न. एकूण, एक मिनिट चाळीस सेकंद. हात, उजवा.

मी म्हटलं, सात त्रेपन्न. जिनेशच्या खोलीतून बाहेर पडल्या पडल्या मी घड्याळ काढून हिशेब केला होता.

"मामन, पडद्याच्या कोपऱ्यात वेळ असते. सात एकावन्न."

मी तिला सांगितलं, की माझं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे, आणि ते मुद्दाम आहे. स्टँडवरच्या गाड्या वेळेत हलाव्यात म्हणून नोकरीच्या पहिल्या वर्षी पुढे केलं ते कधी मागं घेतलं नाही.

तिनं माझ्याकडे बघितलं, मग मांडीवरच्या वहीकडे. "म्हणजे ह्या सगळ्या?"

सगळ्या. अकराशे शहाऐंशीच्या अकराशे शहाऐंशी, आणि गेल्या बुधवारची न् गुरुवारचीही. आगमन आणि प्रस्थान दोन्ही दोन मिनिटं पुढे, त्यामुळे एकूण वेळ बरोबर आहे, असं मी तिला समजावायला लागलो. तिचं लक्ष नव्हतं. ती शेऱ्याच्या रकान्यापाशी थांबली होती. पलीकडच्या सीटवर चेची दोन्ही हात मोकळे सोडून झोपली होती. किल्ल्यांचा जुडगा माझ्याच खिशात राहिला होता, आणि तिनं तो अजून मागितला नव्हता.

लसितानं शेऱ्यात काय लिहिलं ते मी घरी गेल्यावर वाचलं. 'अम्मानं आधी ओळखली.'